नवऱ्याची अंघोळ, काउन्सिलला पत्र आणि १४ दिवस : ब्रिटनमध्ये मानवी हक्कांसाठी दाद कशी मागायची

माझ्या नवऱ्याला फेब्रुवारीत स्ट्रोक झाला आणि एप्रिलमध्ये तो घरी आला. उजवी बाजू लुळी पडलेली, आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर. म्हणून स्वयंपाकघरात प्लास्टिकची खुर्ची, खाली मोठं घमेलं, किटलीत तापवलेलं पाणी आणि साताऱ्याहून आणलेला तांब्या, अशी त्याची अंघोळ सुरू झाली. खिडकीला टॉवेल लावायचा, कारण समोर शेजाऱ्यांचं अंगण. खाली अंघोळीची सोय करून मिळावी म्हणून काउन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेला, फोन केला की एकच उत्तर मिळायचं, 'तुम्ही यादीत आहात.'

पुढे जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. मी वकील नाही, शाळेच्या ऑफिसात काम करते. आमचं प्रकरण कोर्टात उभं राहिलंच नाही, एका पत्रावर सुटलं. नंतर शेजारणीबरोबर मात्र ट्रिब्युनलची पायरी चढले. खाली दिलेलं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधली कोर्टं वेगळी, तिथले नियम आणि फॉर्मही वेगळे. एडिनबरोच्या मैत्रिणीला हा लेख तसाच पुढे पाठवू नका.

१. आधी बघा, समोर कोण आहे

ह्यूमन राइट्स ॲक्ट १९९८ सालचा, अमलात आला २ ऑक्टोबर २०००ला. युरोपियन मानवी हक्क करारातले हक्क त्यामुळे थेट ब्रिटिश कोर्टात मागता येतात. पण हा कायदा चालतो सार्वजनिक संस्थांविरुद्ध : काउन्सिल, होम ऑफिस (म्हणजे गृहखातं, व्हिसाचे निर्णय तेच घेतं), पोलीस, एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा, तुरुंग, सरकारी शाळा. मॅनेजर छळतो किंवा घरमालक डिपॉझिट देत नाही, म्हणून याच कायद्याखाली सरळ त्याच्यावर दावा लावता येत नाही. तिथे नोकरीचे, भाड्याचे कायदे आहेत आणि भेदभाव असेल तर इक्वालिटी ॲक्ट २०१०. आपल्याकडे 'ह्यूमन राइट्सची केस टाकतो' अशी धमकी सर्रास दिली जाते. चुकीच्या माणसाला दिली की ती हास्यास्पद होते आणि खऱ्या दाव्याची मुदत मधल्या मध्ये निघून जाते.

मधला एक प्रकार लक्षात ठेवा. केअर होम खासगी असलं तरी तिथली सेवा काउन्सिलने लावून दिलेली किंवा पैसे भरलेली असेल, तर केअर ॲक्ट २०१४प्रमाणे त्या चालकालाही हा कायदा लागू होऊ शकतो.

आणि 'ब्रेक्झिटनंतर ते सगळं गेलं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा करार युरोपियन युनियनचा नाही, काउन्सिल ऑफ युरोप या वेगळ्या संघटनेचा आहे. ब्रिटनने तो १९५१ साली मान्य केला आणि अजून ब्रिटन त्यात आहे.

२. कोणता हक्क ते एका ओळीत लिहून बघा

आपल्यासारख्यांच्या कामाला बहुतेक वेळा या करारातली चार-पाच कलमं येतात. कलम ३ म्हणजे अमानुष किंवा मानहानीकारक वागणूक, कलम ५ अटक आणि स्थानबद्धता, कलम ६ न्याय्य सुनावणी, कलम ८ खासगी आणि कौटुंबिक जीवन व घर, आणि कलम १४ म्हणजे हे हक्क देताना भेदभाव नको. कलम १४ एकटं उभं राहत नाही, दुसऱ्या कुठल्या तरी हक्काला जोडून मागावं लागतं.

कलम ३ला अपवाद नाही. कलम ८ला आहेत : सरकार हस्तक्षेप करू शकतं, पण तो कायद्याला धरून, कारणाने आणि प्रमाणात हवा. म्हणून व्हिसाच्या भांडणात 'माझं कुटुंब इथे आहे' एवढं म्हणून भागत नाही. तुम्हाला परत पाठवलं तर नेमकं कोणाचं काय मोडेल हे दाखवावं लागतं. घरात मूल असेल तर त्याचं हित आधी आणि नीट पाहायलाच हवं, हे सुप्रीम कोर्टाने २०११मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे शाळेचं पत्र, जीपीचं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरचं पत्र, मुलाचं रोजचं आयुष्य हे सगळं पुरावा म्हणून जोडायचं.

व्हिसा नाकारल्यावर लोक हमखास कलम ६ लिहितात. परदेशी माणसाला देशात राहू देण्याच्या निर्णयांना ते लागू नाही, असं स्ट्रासबर्गच्या कोर्टाने, म्हणजे या कराराच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टाने, २०००मध्येच सांगितलं आहे.

३. तारखा, आणि पुन्हा तारखा

हा भाग दोनदा वाचा. इथे हक्क नाकारले जातात त्यापेक्षा जास्त मुदतीत बुडतात, असं माझं मत झालं आहे.

- ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे सरकारी निर्णय कायदेशीर आहे की नाही हे हायकोर्टाकडून तपासून घेणं : तत्परतेने, आणि काही झालं तरी ३ महिन्यांच्या आत. बांधकाम परवानगीच्या प्रकरणांत फक्त ६ आठवडे.
- ह्यूमन राइट्स ॲक्टखाली दावा : घटनेपासून १ वर्ष. कोर्ट वाढवू शकतं, पण त्यावर विसंबू नका.
- होम ऑफिसच्या नकाराविरुद्ध फर्स्ट टियर ट्रिब्युनलमध्ये अपील : ब्रिटनमध्ये असाल तर १४ दिवस, बाहेरून २८ दिवस.
- नोकरीतल्या भेदभावाबद्दल एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनल : मी हे लिहिते तेव्हा ३ महिन्यांना एक दिवस कमी, आणि दाव्याआधी 'एकॅस' (Acas) या तडजोड घडवणाऱ्या संस्थेकडे नोंद करणं सक्तीचं. ही मुदत वाढवायचं घाटत आहे, तरी जुनीच धरून चाला.
- दुकान, सेवा, शाळा यांच्यातल्या भेदभावाबद्दल काउंटी कोर्ट : ६ महिन्यांना एक दिवस कमी.
- ऑम्बड्समन, म्हणजे सार्वजनिक संस्थांच्या कारभाराच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी, त्याच्याकडे तक्रार : साधारणपणे प्रकार कळल्यापासून १२ महिने.

पहिल्या ओळीतली मेख अशी की ३ महिने म्हणजे हक्काचे ३ महिने नव्हेत. ८९व्या दिवशी अर्ज केला आणि उशिराचं कारण नसेल, तर 'तत्परतेने' या एका शब्दावर तो बाहेर जाऊ शकतो. दुसरी मेख आमच्याच पायात अडकली. आम्हाला कोणी 'नाही' म्हटलंच नव्हतं, फक्त 'थांबा' म्हटलं होतं. इंग्लंडमध्ये अपंग माणसाच्या घरदुरुस्तीसाठी काउन्सिलकडून ३०,००० पाउंडांपर्यंत अनुदान मिळू शकतं, उत्पन्न बघून. अर्ज पूर्ण आल्यापासून ६ महिन्यांत त्यावर निर्णय द्यावा लागतो. पण आम्हाला अर्जच देत नव्हते : आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन पाहणार, तिची यादी लांब, ती येईपर्यंत फॉर्म नाही. फॉर्म नाही म्हणजे ६ महिन्यांचं घड्याळ सुरूच नाही.

यावर तोड अशी की तारीख आपणच निर्माण करायची. 'अमुक तारखेपर्यंत लेखी निर्णय द्या, नाही तर तो नकार समजून मी पुढे जाईन' असं लेखी कळवायचं.

४. कागद जमवा

दोनशे पानी एक वही घ्या. तारीख, वेळ, कोणाशी बोललो, काय म्हणाले. प्रत्येक फोननंतर लगेच दोन ओळींचा ईमेल टाका : 'आज १०.४० वाजता आपण बोललो, आपण असं म्हणालात.' त्यांनी उत्तर दिलं नाही तरी ईमेल राहतो. पत्राचं पाकीट फेकू नका. पत्रावर ३ तारीख आणि पोस्टाच्या शिक्क्यावर १२, असं होतं, आणि १४ दिवसांच्या मुदतीत ९ दिवस म्हणजे अर्ध्याहून जास्त.

मग आपल्याबद्दलची सगळी फाइल मागा. याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. साधा ईमेल पुरतो, पैसे पडत नाहीत, एका महिन्यात द्यावी लागते, गुंतागुंतीची असेल तर आणखी दोन महिने घेऊ शकतात. आमच्या फाइलमध्ये एक नोंद निघाली, मे महिन्यातली : पत्नी काळजी घेण्यास समर्थ, प्राधान्य कमी. मला कोणी विचारलंही नव्हतं. माझी पाठ त्याला उचलून उचलून गेली होती, जीपीकडे त्याची नोंद होती. पुढच्या पत्राचा अर्धा जोर या एका ओळीतून आला.

जवळ ठेवायचे कागद :

- निर्णयाचं पत्र, पाकिटासकट
- पासपोर्ट, ई-व्हिसाचा प्रिंट, आधीचे सगळे व्हिसे
- जीपी आणि हॉस्पिटलची पत्रं
- बँकेची ३ महिन्यांची स्टेटमेंटं आणि पगाराच्या पावत्या (वकिलाच्या सरकारी मदतीसाठी हे आधी विचारतात)
- घराचे फोटो, मोजमापासकट
- लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला

नगरपालिकेचा मराठी दाखला तसाच जोडला तर उपयोग नाही. प्रमाणित भाषांतर हवं : हे भाषांतर अचूक आहे असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क. आणि नावांचं बघा. आमच्या सासूबाई माहेरच्या सुमन, लग्नात तांदळात नाव लिहून मंगल झाल्या. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. इंग्रज अधिकाऱ्याला ही दोन माणसं वाटतात, आणि त्याचा दोष नाही. गॅझेटमधली नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच काढून ठेवा, गावाकडून कागद यायला वेळ लागतो.

५. सल्ला कोणाकडे, पैसे कुठून

पैशाचं आधी सांगते, कारण भीती त्याचीच असते. १ एप्रिल २०१३पासून सरकारी कायदेशीर मदतीतून, म्हणजे लीगल एडमधून, बरीच प्रकरणं वगळली गेली. कलम ८वर आधारलेली व्हिसाची बहुतेक अपिलं त्यात येतात. आश्रय, स्थानबद्धता, घरातून बाहेर काढणं, ज्युडिशियल रिव्ह्यू, सार्वजनिक संस्थेने केलेलं हक्कांचं गंभीर उल्लंघन, अशी प्रकरणं अजून आत आहेत. उत्पन्नाची अट कडक आहे : आजवर कुटुंबाची महिन्याची ढोबळ कमाई २,६५७ पाउंडांपेक्षा जास्त असेल तर बहुधा दार बंद, बचतीची सीमा ८,००० पाउंड. रकमा बदलू शकतात, सरकारी वेबसाइटवरच्या तपासणीत आपले आकडे घालून पाहा. वगळलेल्या प्रकरणातही, मदत न मिळाल्याने तुमचे करारातले हक्कच मोडणार असतील, तर 'एक्सेप्शनल केस फंडिंग'चा अर्ज करता येतो, अगदी वकिलाशिवायसुद्धा.

आता आपल्या मंडळींचा सगळ्यात मोठा गैरसमज. व्हिसावर 'नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे ठरावीक सरकारी मदत घ्यायची नाही, असं लिहिलेलं असतं म्हणून लोक लीगल एडकडे फिरकत नाहीत. इमिग्रेशनच्या नियमांतल्या पब्लिक फंड्सच्या यादीत लीगल एड नाही. घेतली म्हणून व्हिसाची अट मोडत नाही. कुटुंबाच्या व्हिसावर असाल आणि उपासमारीची वेळ आली असेल, तर ती अटच काढायला सांगता येते. २०२०मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाच्या बाजूने हायकोर्टाने सांगितलं की माणूस रस्त्यावर यायच्या बेतात असताना अट काढायलाच हवी, आणि तसं न सांगणारं होम ऑफिसचं धोरण बेकायदेशीर आहे.

सल्ल्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस, जवळचं लॉ सेंटर, भेदभावासाठी ईएएसएस ही हेल्पलाइन. 'ॲडव्होकेट' ही संस्था फुकट काम करणारे बॅरिस्टर मिळवून देते, पण एखाद्या सल्ला केंद्रामार्फत किंवा खासदारामार्फत जावं लागतं आणि वेळ हाताशी लागतो. 'सपोर्ट थ्रू कोर्ट'चे स्वयंसेवक कायदा सांगत नाहीत. फॉर्म भरायला आणि सुनावणीला शेजारी बसायला येतात, आणि कोर्टात एकट्याने बसण्यापेक्षा ते खूप आहे.

मंदिरात, ग्रोसरीच्या दुकानात ओळख होणाऱ्या 'कन्सल्टंट'पासून सांभाळा. इमिग्रेशनचा सल्ला नोंदणीशिवाय धंदा म्हणून देणं हा या देशात गुन्हा आहे. सॉलिसिटर असेल तर त्याचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या यादीत पाहा. सल्लागार असेल तर इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीच्या यादीत. या संस्थेचं जुनं नाव ओआयएससी, जानेवारी २०२५मध्ये बदललं, म्हणून जुनी पाटी दिसली तर दचकू नका, फक्त यादी तपासा. तीन पातळ्या असतात, आणि अपिलाच्या सुनावणीत उभं राहायला तिसरी लागते. आमच्या शेजारणीकडून एकाने ६०० पाउंड घेतले, पावती नाही, आणि 'केस माझ्या मित्राकडे आहे' म्हणत बसला. १४ पैकी ९ दिवस त्यात गेले.

आणि हरलो तर? ट्रिब्युनलमध्ये सहसा समोरच्याचा खर्च अंगावर येत नाही. हायकोर्टात येतो : हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाचे पैसे द्यायचे. लोकमान्य टिळक १९१८मध्ये लंडनला आले ते व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर बदनामीचा दावा चालवायला. १९१९मध्ये हरले, आणि दोन्हीकडच्या वकिलांचा खर्च डोक्यावर घेऊन परतले. तो रिवाज अजून चालू आहे. लीगल एड मिळालेल्या माणसाला त्यापासून बरंच संरक्षण असतं. हे लीगल एडचं कमी बोललं जाणारं पण मोठं कारण.

कोर्टाची फी परवडत नसेल तर 'हेल्प विथ फीज' मागा, फॉर्मचा नंबर ईएक्स १६०. भरून झालेली फीसुद्धा ३ महिन्यांच्या आत मागता येते. एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलला फीच नाही. २०१३मध्ये सरकारने लावली होती, काही दाव्यांना सगळी मिळून १,२०० पाउंड, आणि दावे साधारण दोन तृतीयांशांनी घटले. युनिसन ही कामगार संघटना लढली आणि २६ जुलै २०१७ला सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदेशीर ठरवली. निकालात थेट मॅग्ना कार्टा या जुन्या राजसनदेपर्यंत मागे गेले आहेत : न्याय आम्ही कोणालाही विकणार नाही.

६. तक्रार करा, पण घड्याळ बघत

काउन्सिलची किंवा एनएचएसची तक्रार पद्धत दोन-तीन टप्प्यांची असते. ती संपली की काउन्सिलसाठी लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन, आणि सरकारी खाती व एनएचएससाठी पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ऑम्बड्समन. सरकारी खात्याची तक्रार खासदारामार्फत जाते. सगळं फुकट.

फक्त तक्रार चालू आहे म्हणून कोर्टाची मुदत थांबत नाही. 'तुमची तक्रार दुसऱ्या टप्प्यात आहे' असं सौजन्याने सांगत राहतात, आणि तोवर ३ महिने होऊन जातात. मी या चक्रात चार महिने फिरले.

७. ते पत्र

ज्युडिशियल रिव्ह्यूच्या आधी समोरच्याला 'प्री-ॲक्शन' पत्र द्यावं लागतं आणि उत्तराला साधारण १४ दिवस द्यायचे असतात. फार तातडी असेल तर कमी. बहुतेकांचं काम इथेच होतं, कारण हे पत्र पहिल्यांदाच काउन्सिलच्या वकिलाच्या टेबलावर जातं. आतापर्यंत तुमचे ईमेल वाचणाऱ्याला यादीशी मतलब होता. वकिलाला कायद्याशी असतो.

मी रात्री बसून नऊ पानं लिहिली. लॉ सेंटरमधल्या बाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'हे सगळं खरं आहे. आता यातलं काय तुमच्याशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही ते शोधू.' शेवटी अडीच पानं उरली. वर्णनातून एकच वाक्य ठेवलं : माझ्या नवऱ्याने २१४ दिवस स्वयंपाकघरात अंघोळ केली आहे. त्याच्या खाली केअर ॲक्ट, कलम ८, आणि एन्फिल्ड काउन्सिलविरुद्धचा २००२चा निकाल. त्यात व्हीलचेअरवरच्या बाईला अयोग्य घरात जवळपास २० महिने ठेवल्याबद्दल तिला आणि तिच्या नवऱ्याला मिळून १०,००० पाउंड भरपाई मिळाली होती.

पत्रात एवढं हवं : तुम्ही कोण, कोणता निर्णय किंवा कोणती चालढकल, तिची तारीख, ती कोणत्या कायद्याने चुकीची, तुम्हाला नेमकं काय करून हवंय, कोणती कागदपत्रं हवीत, उत्तराची शेवटची तारीख, आणि न आल्यास कोर्टात जाल हे. 'न्याय द्या' असं लिहू नका. 'अमुक तारखेपर्यंत थेरपिस्टची भेट आणि अनुदानाचा अर्ज द्या' असं लिहा.

पत्र जातं काउन्सिलच्या विधी विभागाला, ईमेलने आणि पोस्टानेही. होम ऑफिसचा यासाठी वेगळा पत्ता आहे. ग्राहक सेवेच्या पेटीत टाकलंत तर यादीतच जाऊन पडेल.

आम्ही ८ नोव्हेंबरला पाठवलं. बाराव्या दिवशी वकिलाचं उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात थेरपिस्ट टेप घेऊन दारात. चूक कोणीही मान्य केली नाही.

८. उत्तर आलं नाही तर

मग हायकोर्टाचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कोर्ट. लंडनला स्ट्रँडवर आहेच, पण बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स आणि कार्डिफलाही अर्ज देता येतो. फॉर्म एन ४६१. आधी न्यायाधीश कागदांवर परवानगी देतात किंवा नाकारतात. नाकारली तर तोंडी सुनावणी मागायला फक्त ७ दिवस असतात. फी दोन टप्प्यांत : अर्जाला एकदा, परवानगी मिळाली की पुन्हा. हे काम शक्यतो वकिलाशिवाय करू नका. मला जे जमलं ते पत्रापर्यंत.

कोर्ट निर्णय तपासतं ते कायद्याच्या बाजूने. तुमच्या घरात शॉवर बसवून देत नाही. बहुधा म्हणतं, हा निर्णय रद्द, पुन्हा नीट घ्या. आणि पुन्हा घेतलेला निर्णय तोच असू शकतो.

होम ऑफिसच्या अपिलाचा रस्ता वेगळा, ऑनलाइन. कागदांवर निकाल हवा असेल तर ८० पाउंड, समोर बसून सुनावणी हवी असेल तर १४०. ते ६० पाउंड वाचवू नका. कुटुंब दाखवायचं असेल तर माणसं समोर दिसलेली बरी.

९. सुनावणीचा दिवस

शेजारीण सासष्टीची, पासपोर्ट पोर्तुगीज, घरात कोकणी. गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांची स्विंडनसारख्या गावांत मोठी वस्ती आहे, आमच्याकडे चार-पाच घरं. सेटलमेंटच्या, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही इथे राहू देण्याच्या अर्जाच्या, नकाराविरुद्ध तिचं अपील. फॉर्म भाच्याने भरला आणि भाषेच्या रकान्यात पासपोर्ट बघून 'पोर्तुगीज' लिहिलं. सुनावणीला एक सभ्य गृहस्थ आले आणि घडाघडा पोर्तुगीज बोलू लागले. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. त्यांच्या बोलण्यातलं तिला 'बोम दिया' तेवढं कळलं. न्यायाधीशांनी शांतपणे तारीख पुढे ढकलली. सात आठवडे.

दुभाषी ट्रिब्युनल देतं, फुकट. भाषा आणि बोली दोन्ही लिहा. 'हिंदी चालेल का?' असं विचारलं आणि तुमची हिंदी बाजारापुरती असेल तर 'नाही' म्हणा. घरच्या माणसाला दुभाषी म्हणून बसू देत नाहीत. दुभाष्याचं चुकतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे सांगा, नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही.

कागदांचं बंडल करा : अनुक्रमणिका, प्रत्येक पानाला आकडा, तीन प्रती. न्यायाधीश 'पान ४७' म्हणतात तेव्हा पिशवीत हात घालून चाचपणारा माणूस मी पाहिला आहे. त्याचं बोलणं त्यानंतर लागलंच नाही.

ट्रिब्युनलच्या न्यायाधीशांना 'जज' एवढंच म्हणायचं, 'माय लॉर्ड' हायकोर्टात. शपथ गीतेवर घेता येते, किंवा धर्माशिवाय प्रतिज्ञा करता येते, दोन्हीची किंमत सारखी. ही सोय आपल्याच देशातल्या खटल्यातून आली म्हणतात ते खोटं नाही : कलकत्त्याचे व्यापारी ओमीचंद यांच्या दाव्यात, ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतलेल्या हिंदू साक्षीदारांचे जबाब इंग्लंडच्या कोर्टाने १७४४मध्ये ग्राह्य धरले.

वकील नसेल तर शेजारी मित्राला बसवायची परवानगी मागता येते. त्याला मॅकेंझी फ्रेंड म्हणतात. तो टिपणं घेतो, कानात सांगतो, पण तुमच्या वतीने बोलत नाही. मी बसले होते. माझं काम होतं पान शोधून देणं आणि पाण्याचा ग्लास भरणं.

प्रश्न एका वाक्याचा असेल तर उत्तर एका वाक्याचं द्या. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. आपण उत्तर द्यायचंच म्हणून तारीख ठोकून देतो, आणि ती कागदाशी जुळत नाही.

१०. निकालानंतर

हक्क मोडला असं ठरलं तरी भरपाई आपोआप नसते. तेवढ्याने समाधान होत नसेल तरच पैसे, आणि तेही मोजके. लंडनच्या टॅक्सीवाल्याने अत्याचार केलेल्या दोन स्त्रियांची तक्रार पोलिसांनी नीट तपासली नाही, म्हणून त्या कलम ३वर सुप्रीम कोर्टापर्यंत जिंकल्या, २०१८मध्ये. त्यांना मिळाले २२,२५० आणि १९,००० पाउंड. भारतातल्या टीव्हीवरचे 'कोटींचा दावा' मनातून काढून टाका.

पार्लमेंटचा कायदाच हक्कांविरुद्ध असेल तर कोर्ट तो रद्द करू शकत नाही, विसंगत आहे एवढं जाहीर करतं. आपल्या सुप्रीम कोर्टाची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं. परदेशी संशयितांना खटल्याविना बेलमार्श तुरुंगात ठेवण्याबद्दल २००४मध्ये नऊपैकी आठ न्यायाधीशांनी असंच जाहीर केलं, आणि नंतर पार्लमेंटने ती तरतूद बदलली.

इथली सगळी दारं संपल्यावर स्ट्रासबर्ग. फी नाही, अर्ज पोस्टाने, मुदत शेवटच्या निकालापासून ४ महिने. जुन्या लेखांत ६ महिने दिसेल, ते १ फेब्रुवारी २०२२पासून बदललं.

आमचा शॉवर फेब्रुवारीत बसला, खाली, जिन्याशेजारच्या कोठीच्या जागेत. शेजारणीचा निकाल एप्रिलमध्ये आला, तिच्या बाजूने. कागद दोन्ही हातांत धरून ती दारात उभी, 'हो कागद आतां खंय दवरूं?' (हा कागद आता कुठे ठेवू?) मी आत नेऊन वही उघडली. होम ऑफिसलाही पुढे अपिलाची परवानगी मागायला १४ दिवस असतात. आम्ही दोघींनी बोटांवर मोजून तारीख काढली आणि तिने ती तिच्या चर्चच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली.